कोळी-प्रतिबंध (थंडीतील)

थंडीच्या मोसमात घरात दिसणाऱ्या कोळ्यांची संख्या कमी ठेवण्याचे उपाय. फटी बुजवणे, जळमटे व अंड्यांच्या पिशव्या काढणे, कोळ्यांचे भक्ष्य असलेले कीटक कमी करणे, चिकट सापळे लावणे आणि क्वचित कीटकनाशके वापरणे यांचा त्यांत समावेश होतो. कोळी हा कीटक नसून अष्टपाद वर्गातला प्राणी आहे. त्यामुळे कीटकांवर लागू पडणारे पुष्कळ उपाय त्याच्यावर अपुरे पडतात.

जाती : आजवर कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जातींचे वर्णन झाले आहे, त्यांपैकी घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहणाऱ्या जाती मोजक्याच. फोल्कस फॅलँजिऑइडिस हा लांब, बारीक पायांचा कोळी छताच्या कोपऱ्यात विस्कळीत जाळे करतो. मादी अंड्यांचा पुंजका पिले बाहेर पडेपर्यंत जबड्यात धरून असते. पॅरास्टिएटोडा टेपिडॅरिओरम याच्या तपकिरी, कागदासारख्या पिशव्या जाळ्यातच लटकलेल्या आढळतात आणि एकेका पिशवीत शेकडो अंडी असू शकतात. नरसाळ्यासारखे जाळे विणणाऱ्या कोळ्यांत टेजेनेरिया डोमेस्टिका आणि एराटिजेना प्रजातीतील (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) मोठे कोळी प्रमुख होत.

यांतल्या मोठ्या कोळ्यांच्या नामकरणाचा प्रश्न अद्याप पुरता स्थिरावलेला दिसत नाही. डोमेस्टिका हे जातिनाम स्वीडिश अभ्यासक कार्ल क्लेर्क यांच्या १७५७ च्या ग्रंथातले आहे. प्राण्यांची ग्राह्य नावे लिनीअस यांच्या सिस्टिमा नॅचुरी या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात. कोळ्यांपुरता क्लेर्क यांच्या ग्रंथाला अपवाद केला असून त्यातील नावांना लिनीअस यांच्या नावांपेक्षाही अग्रक्रम आहे. मोठे घरकोळी पूर्वी टेजेनेरिया प्रजातीत गणले जात. २०१३ मध्ये त्यांतले काही एराटिजेना या नव्या प्रजातीत हलवले गेले. त्या वेळी अॅट्रिका, ड्युएलिका आणि सीव्हा या तीन जाती एकच मानल्या होत्या. ऑक्सफर्ड आणि बोल्झर्न या संशोधकांनी २०१८ मध्ये त्या पुन्हा वेगळ्या केल्या, आणि हेच मत अधिक ग्राह्य वाटते. परिणामी जुन्या लेखनातील ‘अॅट्रिका’ हे नाव एका जातीचे न समजता गटाचे समजून वाचावे लागते. प्रतिबंधाच्या दृष्टीने मात्र तिन्ही जातींत फारसा फरक नाही.

थंडीत कोळी का दिसतात : थंडी पडू लागली की बाहेरचे कोळी उबेसाठी घरात शिरतात, ही सर्वांत रूढ समजूत आहे. ती बहुतांशी टिकत नाही. कोळी थंड रक्ताचा असल्याने गारठा त्याला आपल्यासारखा सोसावा लागत नाही. समशीतोष्ण प्रदेशांतील बहुतेक जाती पालापाचोळा, साल किंवा दगड यांच्या आड हिवाळा काढतात. काहींच्या शरीरद्रवात गोठणबिंदू खाली नेणारी द्रव्ये तयार होतात. अॅरेनियस डायडेमॅटससारख्या चक्राकार जाळे विणणाऱ्या जातींत प्रौढ मादी शरदात अंडी घालून मरते आणि हिवाळा फक्त अंडी ओलांडतात. अशा कोळ्याला घरात येण्याचे कारणच उरत नाही. उलट, तापवलेल्या घरातील कोरडी हवा बाहेरच्या पुष्कळ जातींना मारकच ठरते.

सिअ‍ॅटल येथील बर्क संग्रहालयाचे रॉड क्रॉफर्ड यांनी या समजुतीचा सातत्याने प्रतिवाद केला आहे. घरात दिसणाऱ्या कोळ्यांपैकी जेमतेम ५ टक्के कोळी कधी काळी बाहेर राहिलेले असतात. उरलेले घरातच जन्मतात व मरतात, असे त्यांचे मत आहे. अमेरिकेतील रॅली शहरातल्या ५० घरांच्या पाहणीत (२०१६ मध्ये प्रसिद्ध) विस्कळीत जाळे विणणाऱ्या थेरिडिइडी कुलातील कोळी प्रत्येक घरात सापडले, ही बाब या मताशी जुळते. तथापि ते सर्व प्रदेशांना आणि सर्व जातींना सरसकट लावता येईलसे वाटत नाही. यूरोपातील एराटिजेना कोळी कुंपणे, दगडी भिंती व अडगळीच्या शेडमध्येही राहतो आणि तेथून घरात येऊ शकतो.

वाद बराचसा सुटतो तो नरांच्या वर्तनामुळे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून नागरिकांकडून जमवलेल्या घरकोळ्यांच्या सुमारे १०,००० नोंदींचे विश्लेषण हार्ट व सहकाऱ्यांनी केले. त्यांत ज्यांचे लिंग ओळखता आले, अशा कोळ्यांपैकी सुमारे ८२ टक्के नर निघाले आणि नोंदींचा जोर सप्टेंबरमध्ये होता. म्हणजे कडाक्याची थंडी पडण्याआधीच कोळी दिसू लागतात. शरदात प्रौढ झालेला नर जाळे सोडून मादीच्या शोधात जमिनीवरून, भिंतीवरून हिंडतो. मादी जाळ्यातच राहते, म्हणून नजरेस पडत नाही. या नरांच्या मिशांसारख्या दिसणाऱ्या पुढच्या स्पर्शपादांची टोके फुगीर असतात, त्यावरून नर चटकन ओळखता येतो. बाथटबमध्ये सापडणारा कोळी बहुधा असाच भटका नर असतो. तो सांडपाण्याच्या नळीतून वर येत नाही, कारण नळीच्या वाकात साठलेले पाणी वाट अडवते. त्याच्या पायांना चिकटून राहणारे केसांचे झुबके नसल्याने गुळगुळीत कडेवरून तो घसरून पडतो व पुन्हा चढू शकत नाही. कडेवरून टॉवेलचे टोक आत सोडले की तो स्वतःच बाहेर येतो.

उपाय : दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करणे, खिडक्यांना जाळी बसवणे आणि नळ व वायरी जेथून आत येतात तेथील भोके बुजवणे हा पहिला टप्पा. मात्र घरातच वाढलेल्या कोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही, आणि नुकती अंड्यातून निघालेली पिले इतकी लहान असतात की अगदी बारीक फटही त्यांना पुरते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनरने किंवा लांब काठीच्या कुंच्याने जळमटे अंड्यांच्या पिशव्यांसकट काढणे हाच उपाय जास्त परिणामकारक समजावा. तो नियमित करावा लागतो. खोक्यांची व लाकडांची रास भिंतीपासून दूर ठेवावी. व्हिएन्नातील एका पुलावर हायलिंग यांनी केलेल्या अभ्यासात (१९९९) लॅरिनिऑइडिस स्क्लोपेटॅरियस हा कोळी उजेडाची जागा पसंत करतो असे आढळले. दारावरचा रात्रभर जळणारा दिवा कीटक आणि त्यांच्यामागून कोळी ओढून घेतो, हे त्यावरून समजते.

वासाने कोळी पळतात या समजुतीची नेटकी तपासणी फिशर व सहकाऱ्यांनी केली (२०१८). लिंबाच्या तेलाचा परिणाम दिसला नाही. पेपरमिंट तेल आणि हॉर्स चेस्टनटची फळे यांना लॅट्रोडेक्टस जिओमेट्रिकस व अॅरेनियस डायडेमॅटस या जातींनी ठळकपणे टाळले. स्टिएटोडा ग्रोसाचा प्रतिसाद मात्र दुबळा होता. हे प्रयोग प्रयोगशाळेतले असून त्यांत कोळ्याला दोन जागांपैकी एक निवडायची होती. खोलीभर पसरलेल्या वासाबाबत त्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

पृष्ठभागावर मारलेल्या कीटकनाशकाचा उपयोग मर्यादित असतो. कोळी शरीर पायांवर उचलून चालतो, पुष्कळदा जाळ्यातच बसून असतो, आणि विषाचा थोडाच अंश त्याला लागतो. थेट अंगावर पडलेल्या फवाऱ्याने तो मरतो, पण अंडी बहुधा वाचतात.

विषबाधेचा धोका लॅट्रोडेक्टस (‘विडो’ कोळी) व लॉक्सोसेलिस (‘रेक्लुस’ कोळी) अशा थोड्याच प्रजातींपुरता आहे. त्याही बाबतीत कॅन्ससमधील एका घराचे उदाहरण बोलके आहे : २००१ मध्ये तेथे सहा महिन्यांत लॉक्सोसेलिस रेक्लुसा जातीचे २,०५५ कोळी गोळा झाले, तरी घरातल्या चौघांपैकी कुणालाही विषबाधा झाली नाही. निरुपद्रवी कोळी पेला व जाड कागद वापरून उचलता येतो. घरातच वाढलेल्या जातीचा कोळी कडक थंडीत बाहेर सोडल्यास तगण्याची शक्यता कमी. त्याला तळघरात किंवा शेडमध्ये सोडणे योग्य.