टेक आणि लाटेक

टेक : पुस्तके, शोधनिबंध आणि विशेषतः गणिती सूत्रे यांच्या अक्षरजुळणीसाठी वापरली जाणारी मुक्तस्रोत संगणकप्रणाली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये तिची रचना सुरू केली. या प्रणालीचा गाभा तिच्या कर्त्याने जाणीवपूर्वक गोठवून ठेवला आहे; सुधारणा होतात त्या त्याच्या भोवती, आणि त्या आजही थांबलेल्या नाहीत.

कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथमालेचे पहिले खंड धातूच्या खिळ्यांनी जुळवून छापले गेले होते. दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते १९७७ मध्ये हाती आली, तोवर प्रकाशकाने प्रकाशजुळणीचे, म्हणजे खिळ्यांऐवजी प्रकाशाने अक्षरे उमटवण्याचे, तंत्र स्वीकारले होते आणि सूत्रांचे रूप पार बिघडले होते. तेव्हा हे काम आपणच संगणकाकडून करून घ्यावे, असे कनूथ यांनी ठरवले. काही महिन्यांत आटोपेल असे वाटलेले हे काम सुमारे दशकभर चालले. १९८२ मध्ये टेक नव्याने लिहिले गेले. याच दशकभरात फॉन्ट घडवण्यासाठी ‘मेटाफॉन्ट’ ही जोडप्रणालीही तयार झाली.

लेखक साध्या मजकूर-फाइलीत लिहितो आणि रचनेच्या आज्ञा बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या शब्दांनी देतो. प्रत्येक अक्षर, शब्द वा सूत्र टेकच्या दृष्टीने एक चौकट असते आणि चौकटींमध्ये ताणता किंवा आवळता येणारी जागा असते. ओळी पाडताना टेक एकेक ओळ भरत जात नाही. संपूर्ण परिच्छेद विचारात घेऊन, सर्व ओळींतील मोकळ्या जागा मिळून कमीत कमी खटकतील असे तोड निवडते. ही पद्धत कनूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. शब्द ओळीअखेर कोठे तोडावा हे ठरवणारी अक्षरांच्या आकृतिबंधांची पद्धत फ्रँक लिआंग यांची आहे. टेकमधील अंतराचे सर्वांत लहान एकक एका पॉइंटचा (मुद्रणातील मापाचा) ६५,५३६ वा भाग इतके सूक्ष्म आहे आणि सर्व मापे त्याच्या पूर्ण पटींत मोजली जातात, त्यामुळे तीच फाइल वेगवेगळ्या यंत्रांवर तेच पान देते.

सूत्रांच्या जुळणीत टेकचे खरे सामर्थ्य दिसते. सूत्रातील प्रत्येक चिन्हाला वर्ग असतो: साधे चिन्ह, क्रिया, संबंध, उघडणारा वा मिटणारा कंस इत्यादी. दोन शेजारी चिन्हांचे वर्ग पाहून त्यांच्यामधील अंतर ठरते. म्हणून दोन पदांमधील वजाच्या दोन्ही बाजूंना जागा सुटते, पण बरोबरच्या चिन्हानंतर आलेला वजा पुढील पदाला चिकटून बसतो. लेखकाने हाताने काही करावे लागत नाही. घातांक, घातांकाचा घातांक, अपूर्णांकातील अंश आणि छेद यांचे आकारही असेच ठरतात.

टेकच्या मूळ आज्ञा फार बारीक पातळीवरच्या असल्याने लेझ्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात त्यांवर ‘लाटेक’ हा संच रचला. त्यात लेखक ‘हे प्रकरण’, ‘हे प्रमेय’, ‘ही तळटीप’ एवढेच सांगतो. क्रमांक, संदर्भ आणि अनुक्रमणिका प्रणाली सांभाळते. गणित आणि भौतिकशास्त्रातील बहुसंख्य शोधनिबंध आज लाटेकमध्ये लिहिले जातात. मात्र तिचे चूकसंदेश नवख्याला हमखास बुचकळ्यात टाकतात, आणि कोष्टक मनासारखे बसवणे हे अनुभवी माणसालाही जिकिरीचे वाटते.

टेकमध्ये १९९० नंतर नवी सोय घालायची नाही, केवळ चुका दुरुस्त करायच्या, असा कनूथ यांचा निर्णय आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर आवृत्तीच्या क्रमांकात ‘पाय’ (π) या गणिती स्थिरांकाचा एक अंक वाढतो; २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ झाला. पुढची तपासणी २०२९ मध्ये ठरली आहे. चूक दाखवणाऱ्यास देण्याचे बक्षीस दरवर्षी दुप्पट होत ३२७.६८ डॉलरवर स्थिरावले. मूळ प्रोग्रामची फाइल इतरांनी बदलायची नाही. बदल वेगळ्या ‘चेंज फाइल’मध्ये लिहून त्यापासून नवा प्रोग्राम बनवता येतो, पण ‘ट्रिप’ नावाची कठोर चाचणी पार केल्याखेरीज त्याला टेक म्हणता येत नाही. या अटीने प्रगती अडली नाही. थेट पीडीएफ देणारे पीडीएफटेक, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान सांकेतिक पद्धत) जाणणारे झीटेक आणि लुआ या प्रोग्रामिंग भाषेची जोड असलेले लुआटेक ही वेगळ्या नावांची इंजिने याच वाटेने आली.

लाटेकची देखभाल एक छोटा स्वयंसेवी गट करतो. २०१८ पासून युटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवण्याची पद्धत लाटेकमध्ये न सांगताच गृहीत धरली जाऊ लागली आणि दृष्टिहीन वाचकांना वापरता येईल असे, रचनेच्या खुणा असलेले पीडीएफ आपोआप तयार व्हावे यासाठी सध्या मोठे काम चालू आहे. चूक कळवताना तिचे दर्शन घडवणारी शक्य तितकी लहान, पण स्वतंत्रपणे चालणारी फाइल जोडण्याची शिस्त येथे पक्की आहे. अनेकदा ती लहान करता करताच दोष आपल्या फाइलीत असल्याचे लक्षात येते. पुरवणी पॅकेजे सीटॅन या जागतिक भांडारात जमा होतात आणि ‘टेक लाइव्ह’ या वार्षिक संचातून सर्वांपर्यंत पोहोचतात.

देवनागरीसाठी नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये फॉन्ट आणि पूर्वप्रक्रिया करणारा प्रोग्राम दिला. त्यात मजकूर रोमन लिप्यंतरात टाइप करावा लागे. झीटेक आल्यावर युनिकोड मराठी थेट लिहिता येऊ लागली. फॉन्टला भाषा मराठी असल्याचे सांगितल्यास, सोय असलेल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे मिळतात. आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘शोभिका’ हा मुक्त फॉन्ट सीटॅनवर उपलब्ध आहे, तसेच लाटेक वापरून मराठी कशी जुळवावी हे सांगणारी मराठी पुस्तिकाही तेथे आहे. सूत्रांतील अंक मात्र आपोआप देवनागरी होत नाहीत. त्यासाठी वेगळी जुळवाजुळव करावी लागते. ‘प्रकरण’, ‘आकृती’, ‘अनुक्रमणिका’ असे छापील शब्द पॉलीग्लॉसिया या अनेक भाषांसाठीच्या पॅकेजातील भाषेच्या फाइलीतून येतात, आणि त्यांतील एखादा खटकला तर तो सुधारण्यासाठी प्रोग्रामिंगपेक्षा मराठीची जाण अधिक लागते.