‘ते कधीच बदलणार नाहीत’ या वाक्यात दडलेली भावना

इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘दोन्हीकडची माणसं भावनेच्या आहारी गेली आहेत. जरा थंड डोक्यानं बसली, तर तोडगा निघेल.’ परवा एका व्याख्यानानंतरच्या चर्चेत हे पुन्हा ऐकलं आणि घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. वाक्य समजूतदार वाटतं, पण त्याच्या बुडाशी एक चुकीची समजूत आहे. भावना म्हणजे बुद्धीवर चढलेली धुंदी, ती उतरली की विचार सुरू होतो, ही ती समजूत. गेल्या वीसेक वर्षांत याच संघर्षातल्या माणसांवर जे प्रयोग झाले, ते काही वेगळंच सांगतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे भांडण म्हणजे मनाचा खेळ नाही. जमीन खरी आहे, पाणी खरं आहे. 1948 मध्ये सुमारे सात लाख पॅलेस्टिनींना घरं सोडावी लागली, 1967 पासून वेस्ट बँकवर इस्रायली लष्कराचा ताबा आहे. 7 ऑक्टोबर 2023 रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली गेली आणि 251 जणांना ओलीस नेलं गेलं, त्यानंतरच्या युद्धात गाझात मृतांचा आकडा कित्येक दहा हजारांत गेला. कुणाचा दावा न्याय्य आहे, हे मानसशास्त्र ठरवू शकत नाही. त्याचा प्रश्न मर्यादित आहे: समोर तडजोडीचा प्रस्ताव आला की माणूस ‘हो’ किंवा ‘नाही’ कशाच्या जोरावर म्हणतो?

20 नोव्हेंबर 1977 रोजी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात जेरुसलेममध्ये इस्रायलच्या संसदेपुढे उभे राहिले. चार वर्षांपूर्वीच दोन्ही देश युद्ध लढले होते. सादात म्हणाले की आपल्यामध्ये संशयाची, नकाराची, भीतीची एक मानसिक भिंत उभी आहे आणि एकूण प्रश्नातला 70 टक्के भाग ती भिंतच आहे. हा आकडा काही मोजून काढलेला नव्हता. पण त्या भिंतीच्या विटा मोजायचं काम पुढच्या पिढीतल्या मानसशास्त्रज्ञांनी अंगावर घेतलं. त्यात इस्रायली मानसशास्त्रज्ञ डॅनियल बार-ताल आणि एरान हाल्परिन यांची नावं आधी घ्यावी लागतात.

आता भावना तयार होण्याच्या ज्या यंत्रणेसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे वळू.

गर्दीच्या बसमध्ये कुणीतरी तुमच्या पायावर पाय दिला. कळ मस्तकात गेली, तुम्ही रागानं वळलात. पाहता तर एक म्हातारी आजी, ब्रेक लागल्यामुळे तोल गेलेली, दांडी पकडायला धडपडतेय. राग जागच्या जागी विरतो. पायाची कळ मात्र तेवढीच आहे. मग बदललं काय? ‘हे मुद्दाम केलं का?’ या प्रश्नाचं तुमच्या मनानं दिलेलं उत्तर बदललं. मॅग्डा अर्नोल्ड आणि रिचर्ड लाझारस या मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात मांडलेला हा विचार: घटनेतून थेट भावना निघत नाही, घटनेचा जो अर्थ मन लावतं त्यातून ती निघते. हा अर्थ लावायला क्षणही पुरतो, आणि बहुतेक वेळा तो लावला हे आपल्याला कळतही नाही. कुणी केलं? मुद्दाम केलं? हे अन्यायाचं आहे का? माझ्या हातात काही आहे का? करणारा मुळातच तसा आहे का? या प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या प्रकारे जुळली की वेगवेगळ्या भावना तयार होतात, आणि प्रत्येक भावना माणसाला वेगळ्या दिशेला ढकलते. ‘धोका मोठा आणि मी दुबळा’ या उत्तरातून भीती येते, भीती अंग चोरायला लावते. ‘त्यानं मुद्दाम अन्याय केला, पण मला काही करता येईल’ यातून राग येतो, आणि राग पुढे व्हायला लावतो.

म्हणजे प्रत्येक भावनेच्या पोटात एक निष्कर्ष बसलेला असतो. भावना काढून टाकून निर्णय घ्या, असं सांगणं म्हणजे निष्कर्ष काढून टाकून निर्णय घ्या असं सांगण्यासारखं आहे. म्हणून तो ‘थंड डोक्याचा’ सल्ला मला अपुरा वाटतो.

राग आणि द्वेष हे शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. प्रयोगशाळेत मात्र ते वेगळे निघतात. फरक वरच्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नात आहे: करणारा मुळातच तसा आहे का? रागात निवाडा कृत्याचा असतो: तू हे चुकीचं केलंस. द्वेषात निवाडा स्वभावाचा असतो: तू आहेसच असा. आपल्याकडची ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण म्हणजे द्वेषामागचं गृहीतक जसंच्या तसं. ॲरिस्टॉटलनं हे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं. रागावलेल्याला समोरच्यानं दुःख भोगायला हवं असतं, द्वेष करणाऱ्याला समोरचा नसायलाच हवा असतो. तात्पर्य, राग समोरच्याला सुधारू पाहतो आणि सुधारता येईल असं धरूनच तो येतो. द्वेषाला सुधारण्यात रसच नसतो, कारण त्याच्या हिशेबात ते शक्यच नसतं.

यातून एक धाडसी भाकीत निघतं. राग जर सुधारण्याची ऊर्जा असेल, तर द्वेष नसलेल्या माणसाचा राग वाढवला की त्याचा तडजोडीला पाठिंबा वाढायला हवा! ऐकायला उफराटं वाटतं. 27 नोव्हेंबर 2007 रोजी अमेरिकेत ॲनापोलिस इथे इस्रायली-पॅलेस्टिनी शिखर परिषद होणार होती. त्याआधीच्या आठवड्यांत हाल्परिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायली नागरिकांच्या एका गटात पॅलेस्टिनींबद्दलचा राग मुद्दाम जागा केला, दुसऱ्या गटात केला नाही. कोण कुठल्या गटात, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिकपणे ठरवलेलं. ज्यांच्या मनात द्वेष कमी होता, त्यांच्यात राग जागवल्यावर वाटाघाटींतल्या तडजोडींना पाठिंबा वाढला. ज्यांच्या मनात द्वेष जास्त होता, त्यांच्यात तोच राग जागवल्यावर पाठिंबा घटला.

इथे जरा थांबायला हवं, कारण संख्याशास्त्रातली एक सुंदर गोष्ट इथे आहे. आलेखाच्या आडव्या अक्षावर द्वेष घ्या, उभ्या अक्षावर तडजोडीला पाठिंबा. राग जागवलेल्यांची एक रेघ काढा, न जागवलेल्यांची दुसरी. द्वेष वाढत जातो तशा दोन्ही रेघा खाली उतरतात, पण राग जागवलेल्यांची जास्त तिरपी असते. ती डावीकडे वर सुरू होते, मध्ये कुठेतरी दुसरीला छेदते आणि उजवीकडे तिच्या खाली जाते. आता कुणी घाईनं सगळ्यांची सरसकट सरासरी काढली, तर डावीकडची वाढ आणि उजवीकडची घट एकमेकींना खोडून काढू शकतात, आणि ‘रागाचा काही परिणाम होत नाही’ असं उत्तर हाती येऊ शकतं. परिणाम तर दोन्हीकडे आहे. अशा वेळी एका चलाचा (इथे रागाचा) परिणाम दुसऱ्या चलाच्या (इथे द्वेषाच्या) पातळीवर अवलंबून असतो, आणि तो पकडायला समीकरणात दोन्ही चलांचा गुणाकार स्वतंत्र पद म्हणून घालावा लागतो. समाजाबद्दलची कितीतरी ‘काही फरक पडत नाही’ छापाची विधानं या गुणाकाराच्या पदाअभावी चुकलेली असतील, असं मला मनापासून वाटतं.

मग पुढचा प्रश्न आपसूक येतो. द्वेषाच्या पोटातला तो एकच निष्कर्ष, ‘ते बदलणार नाहीत’, हलवला तर? हाल्परिन, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि जेम्स ग्रॉस, आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 मध्ये हे करून पाहिलं. लोकांना एक लेख वाचायला दिला. त्यात इस्रायलचं नाव नाही, पॅलेस्टाईनचं नाव नाही. फक्त एवढंच, की हिंसक समूह काळाच्या ओघात, नेतृत्व आणि परिस्थिती बदलली की बदलतात. दुसऱ्या गटाच्या लेखात उलटं: समूहांचे स्वभाव टिकून राहतात. हे तीन ठिकाणच्या माणसांवर केलं: इस्रायली ज्यू, इस्रायलचे पॅलेस्टिनी नागरिक आणि वेस्ट बँकमधले पॅलेस्टिनी. तिन्हीकडे ‘बदलतात’ वाचलेल्यांची दुसऱ्या बाजूविषयीची मतं कमी कडवट होती आणि तडजोडीची तयारी जास्त होती. शत्रूचं नावही न घेता हे घडलं. पुढे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 500 हून अधिक इस्रायली ज्यूंना हाच विचार कार्यशाळांमधून दिला गेला आणि परिणाम सहा महिन्यांनंतरही दिसला.

याच प्रदेशातला दुसरा एक प्रयोग 1983 चा आहे आणि त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. महर्षी महेश योगींच्या अनुयायांनी जेरुसलेममध्ये जमून सामूहिक ध्यान केलं आणि ध्यान करणाऱ्यांची संख्या वाढली त्या दिवसांत लेबनॉनमधल्या युद्धाची तीव्रता कमी झाली, असा दावा केला. लोकसंख्येच्या एक टक्क्याच्या वर्गमुळाइतकी माणसं ध्यानाला बसली की समाजात शांती पसरते, हा त्यांचा सिद्धान्त. हा लेख 1988 मध्ये एका प्रतिष्ठित संशोधनपत्रिकेत छापूनही आला आणि 1990 मध्ये त्याच पत्रिकेत त्यावर सविस्तर टीकाही आली. ध्यानानं बसणाऱ्याचं मन शांत होत असेल, त्याला माझी हरकत नाही. पण एका खोलीतल्या ध्यानाची लहर सीमेपलीकडच्या तोफेपर्यंत कुठल्या मार्गानं पोचते, याचं उत्तर कुठल्याही ज्ञात यंत्रणेत नाही. कुठल्या दिवशी किती माणसं बसणार, हेही चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. मग योगायोग आणि कारण वेगळे करायचे कसे? ॲनापोलिसपूर्वीच्या प्रयोगात आणि यात हाच फरक आहे. ‘सकारात्मक ऊर्जे’चे फॉरवर्ड येतात तेव्हा मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

पैशाची बाजूही पाहायला हवी, कारण थंड डोक्याचा सल्ला देणाऱ्यांचा पुढचा सल्ला बहुधा तोच असतो: दोघांना भरपूर पैसे द्या. जेरेमी गिंजेस, स्कॉट ॲट्रन, डग्लस मेडिन आणि रामल्लाहचे खलील शिकाकी यांनी हे 2007 मध्ये तपासलं. 601 ज्यू वसाहतवाले (1967 पासून ताब्यात असलेल्या प्रदेशात वस्ती केलेले), 719 पॅलेस्टिनी निर्वासित, शिवाय पॅलेस्टिनी विद्यार्थी. प्रत्येकापुढे काल्पनिक शांतता करार ठेवले. काहींना नुसती तडजोड दिली, काहींना तीच तडजोड आणि वर घसघशीत आर्थिक मदत. ज्यांच्या लेखी जमीन किंवा घरी परतण्याचा हक्क पवित्र होता, त्यांचा संताप पैसे वाढवल्यावर वाढला, हिंसेला पाठिंबाही वाढला. ‘माझ्या आजोबांच्या घराची किंमत करता?’ असा अर्थ त्यांच्या मनानं लावला असणार. पण समोरची बाजूही आपलं काहीतरी पवित्र सोडून देतेय, असं करारात घातलं की संताप उतरला. पैशाशिवाय, नुसत्या प्रतीकात्मक त्यागानं.

आपला-परका हा निवाडा भावनेला कसा वळवतो, याची खूण मेंदूतही सापडते. रूथ फेल्डमन यांच्या गटानं 2016 मध्ये ज्यू आणि अरब-पॅलेस्टिनी किशोरांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. दोन्ही बाजूंच्या माणसांना वेदना होतानाची चित्रं दाखवली. मेंदूचा पहिला, आपोआप येणारा प्रतिसाद आपल्या-परक्याची वेदना सारखीच टिपत होता. त्यानंतरच्या टप्प्यात, जिथे वरून नियंत्रण सुरू होतं, तिथे परक्याच्या वेदनेचा प्रतिसाद मावळत होता. कळवळा आधी येतो आणि मग आवरला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये हे पाहून मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसलो होतो.

आता या सगळ्या संशोधनावरची एक टीका, जी मला गंभीर वाटते. दोन्ही बाजू समसमान नाहीत. एकीकडे राज्य आहे, लष्कर आहे. दुसरीकडे तपासणी नाक्यांवरच्या रांगा आहेत. मग पॅलेस्टिनी माणसाचा राग शांत करणं म्हणजे त्याच्या न्यायाच्या मागणीची धार बोथट करणं नव्हे का? तामार सागुई आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की ज्या इस्रायली अरबांची ज्यूंशी मैत्री होती, त्यांना ज्यू जास्त न्यायी वाटत, आणि समाजव्यवस्था बदलण्याला त्यांचा पाठिंबा त्यामुळे कमी होता. गोडीगुलाबी वाढली, आणि बदलाची मागणी मागे पडली. राग आणि द्वेष वेगळे काढण्याचं महत्त्व मला इथेच सर्वांत जास्त जाणवतं, कारण हा राग अन्यायाची नोंद ठेवतो आणि तो पुसून टाकायचा अधिकार कुणा संशोधकाला नाही.

एमिल ब्रूनो आणि रिबेका सॅक्स यांनी 2012 मध्ये केलेल्या प्रयोगात ही विषमता लक्षात घेतली होती. इस्रायली आणि पॅलेस्टिनी माणसं व्हिडिओवरून जोडीजोडीनं भेटली. एकानं आपल्या समाजातल्या अडचणी सांगायच्या, दुसऱ्यानं त्या आपल्या शब्दांत परत सांगायच्या. काही जोड्यांत भूमिका उलट. इस्रायलींचं मत सुधारलं ते दुसऱ्याचं ऐकून त्याच्या शब्दांचा सारांश सांगताना. पॅलेस्टिनींना तेच काम दिलं तेव्हा फारसा फरक पडला नाही. त्यांचं मत सुधारलं ते स्वतः बोलल्यावर, आणि आपण बोललेलं पडद्यापलीकडचा माणूस नीट परत सांगतोय हे ऐकल्यावर.