पॅरिस–रूबे : शर्यतपूर्व काळ व सायकलपटूंचा फॉर्म

उत्तर फ्रान्समध्ये बहुधा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी होणाऱ्या पॅरिस–रूबे या एकदिवसीय व्यावसायिक सायकलशर्यतीआधीचे सहा-सात आठवडे, त्या काळातील सायकलपटूंची तयारी आणि तीवरून बांधले जाणारे निकालाचे अंदाज यांचा विचार या नोंदीत केला आहे. शर्यतीचे एकूण अंतर अलीकडे सुमारे २६० किमी. असते. त्यांपैकी सुमारे ५५ किमी. दगडी फरसबंदीच्या रस्त्यावरून जावे लागते. ही फरसबंदी सलग नसून २९-३० तुकड्यांत विभागलेली आहे. वाड्याच्या चौकातील घडीव, सपाट फरसबंदीचे चित्र मराठी वाचकाने येथे डोळ्यांपुढे आणू नये. फ्रेंचमध्ये ‘पावे’ म्हणतात ते हे दगड शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटांवर बसवलेले असून शतकभराच्या गाड्यांनी, ट्रॅक्टरांनी आणि पावसाने ते वरखाली झालेले आहेत. दोन दगडांमधील फटी कित्येकदा टायर अडकण्याइतक्या रुंद असतात. रस्त्याचा मध्य कासवाच्या पाठीसारखा उंच, कडेला धूळ किंवा चिखल. सायकलपटूची ताकद आणि रस्त्यावरील वेग यांचे नेहमीचे गणित अशा जागी पुरते लागू पडत नाही, आणि फॉर्मविषयीचा सगळा वाद तेथूनच सुरू होतो.

उगम : ही शर्यत मुळात दुसऱ्या एका शर्यतीची पूर्वतयारी म्हणून सुचली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. रूबे हे कापडगिरण्यांचे गाव. तेओदोर व्हिएन आणि मोरिस पेरेझ या तेथील दोन गिरणीमालकांनी १८९५ मध्ये गावात व्हेलोड्रोम म्हणजे सायकलशर्यतींची बंदिस्त धावपट्टी उभारली. तिचा गाजावाजा व्हावा म्हणून पॅरिसहून निघून या धावपट्टीवर संपणारी शर्यत भरवावी, अशी कल्पना त्यांनी ‘ल व्हेलो’ या क्रीडादैनिकाच्या लुई मिनार यांना पत्राने कळवली. त्या काळी बोर्दो–पॅरिस ही साडेपाचशे किमी.हून लांब शर्यत मानाची समजली जाई. तिच्यात उतरणाऱ्यांना सुमारे २८० किमी.ची ही शर्यत म्हणजे पोरखेळ वाटेल आणि आयता सरावही होईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. पहिले बक्षीस १,००० फ्रँक ठरले. मार्गाच्या पाहणीसाठी पत्रकार व्हिक्तोर ब्रेयेर यांना पाठवण्यात आले. ते आम्येंपर्यंत मोटारीने आणि पुढे सायकलने गेले. थंडी, पाऊस आणि दगड यांनी ते इतके हैराण झाले, की हा बेत सोडून द्यावा अशी तार करण्याचे त्यांनी ठरवले होते. रात्रीच्या जेवणानंतर मात्र त्यांचे मत पालटले, असे सांगतात. या हकिकतीला कथेचे वळण असले, तरी पॅरिस–रूबेची पहिली मार्गपाहणी ब्रेयेर यांची होती, याबद्दल दुमत नाही.

पहिल्या शर्यतीच्या दिवसाबद्दल मात्र गोंधळ आढळतो. ती ईस्टरच्या रविवारी झाली, धर्मसंस्थेने आक्षेप घेतला आणि म्हणून आरंभस्थानाजवळच्या प्रार्थनामंदिरात पहाटे चार वाजता खास प्रार्थना ठेवण्याचे संयोजकांनी कबूल केले, ही हकिकत अनेक ग्रंथांत येते. प्रार्थना फार पहाटेची म्हणून ती रद्द झाली, असे पुरवणी विधानही सापडते. दिनदर्शिका या हकिकतीला दुजोरा देत नाही. १८९६ मधील ईस्टर ५ एप्रिलला होता, तर शर्यतीचे इतिहासकार पास्काल सेर्जां यांच्यानुसार पहिली शर्यत १९ एप्रिलला, म्हणजे दोन आठवड्यांनंतर झाली. आक्षेपामुळे तारीख पुढे गेली, की जाहीर झालेली आणि प्रत्यक्षातली तारीख यांची नंतरच्या लेखकांनी सरमिसळ केली, याबाबत मतभेद आहेत. यांपैकी दुसरी शक्यता अधिक ग्राह्य वाटते. कारण १८९७ मधील दुसरी शर्यत खरोखरच ईस्टरच्या दिवशी, १८ एप्रिलला झाली आणि दोन वर्षांच्या आठवणी एकमेकींत मिसळणे स्वाभाविक होते. ‘ला पास्काल’ म्हणजे ईस्टरची शर्यत हे टोपणनाव पुढे रूढ झाले, त्यानेही या समजाला बळ मिळाले असावे. पहिला विजेता जर्मनीचा योझेफ फिशर. त्याच्यानंतर जर्मन विजेता पाहण्यासाठी २०१५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जॉन डेगेनकोल्ब जिंकला.

‘उत्तरेचा नरक’ : हे विशेषण दगडांमुळे पडले, असे सर्रास मानले जाते. त्याचा उगम वेगळा आहे. पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१८ या काळात शर्यत झाली नाही. १९१९ मध्ये ती पुन्हा भरवण्यापूर्वी मार्ग शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी ‘लोतो’ या दैनिकाच्या वतीने एक तुकडी गेली. तीत सायकलपटू यूजेन क्रिस्तोफ आणि पुन्हा एकदा ब्रेयेर होते. उत्तरेकडे जाताना त्यांना तोफांनी उखडलेली शेते, जळून काळे पडलेले झाडांचे बुंधे, मेलेली जनावरे आणि ओस पडलेली गावे दिसली. त्या वृत्तान्तातून ‘नरक’ हा शब्द आला, हे मत आता बहुतेक अभ्यासक स्वीकारतात. हे नाव प्रथम माणसांच्या हानीचे होते. दगडांना ते नंतर लाभले, आणि आज ते वापरणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवायला हवा. त्या वर्षी आंरी पेलिसिए जिंकला.

फरसबंदीचे जतन : दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगावी डांबरीकरण सुरू झाले. आपला रस्ता मागासलेला दिसू नये, असे प्रत्येक गावच्या कारभाऱ्यांना वाटे, त्यामुळे दगड झपाट्याने नाहीसे होऊ लागले. १९६७ मध्ये शर्यतीचा निकाल घोळक्याच्या अंतिम धावेत लागला आणि यान यानसेन जिंकला. संयोजक झाक गोदे यांना ही धोक्याची सूचना वाटली. त्यांनी आल्बेर बुव्हे यांच्यावर नवे, म्हणजे खरे तर जुने, रस्ते शोधण्याचे काम सोपवले. बुव्हे यांना झाँ स्ताब्लिन्स्की यांनी वालेर गावाजवळच्या रानातील सरळसोट वाट दाखवली. तीच आरेंबेर्गची खिंड. स्ताब्लिन्स्की विश्वविजेते सायकलपटू होण्याआधी तेथल्याच कोळशाच्या खाणीत कामाला होते. ज्या वाटेवरून ते पुढे सायकलने गेले, तिच्या खाली त्यांनी मजुरी केली होती. शोधाचे श्रेय कोणाचे, याबद्दल लेखकांत थोडी ओढाताण दिसते. शोधमोहीम बुव्हे यांची आणि ही विशिष्ट वाट स्ताब्लिन्स्की यांची, असे मानणे योग्य ठरेल. खिंडीच्या तोंडाशी त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वाट नेपोलियनच्या काळातील असल्याचे सांगितले जाते. तिची लांबी सुमारे २.३ किमी. असून १९६८ मध्ये ती प्रथम मार्गात आली. त्या वर्षी एडी मेर्क्स जिंकला. शर्यतीचा आरंभ १९६६ पासून पॅरिसबाहेर शांतिई येथून आणि १९७७ पासून काँपिएन्य येथून होतो; पॅरिस आता केवळ नावात उरले आहे. उरलेल्या दगडांची डागडुजी ‘लेझामी द पारी–रूबे’ ही स्वयंसेवकांची संस्था करते. २०२४ मध्ये आरेंबेर्गच्या दगडांमधले गवत काढायला शेळ्या सोडल्या होत्या.

तुकड्यांना उतरत्या क्रमाने आकडे दिलेले असतात, म्हणजे शेवटचा तुकडा पहिल्या क्रमांकाचा. लांबी, दगडांची अवस्था आणि शर्यतीतील स्थान पाहून एक ते पाच तारे दिले जातात. आरेंबेर्ग, मोंस-आं-पेव्हेल (सुमारे ३ किमी.) आणि कार्फूर द लार्ब्र (२.१ किमी.) हे पाच ताऱ्यांचे तुकडे होत. विजेत्याला १९७७ पासून चषकाऐवजी पावेचा एक दगड मिळतो.

पूर्वशर्यती व फॉर्मची चिन्हे : फेब्रुवारीच्या अखेरीस बेल्जियममध्ये ओम्लोप हेट न्यूसब्लाड या शर्यतीने दगडांचा हंगाम उघडतो. मार्चमध्ये इटलीतील मिलान–सान रेमो, मग बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील ई-३ आणि गेंट–वेव्हेलगेम, एप्रिलच्या पहिल्या रविवारी फ्लँडर्सची फेरी (थोडक्यात ‘फ्लँडर्स’) आणि त्यानंतरच्या रविवारी रूबे, असा सामान्य क्रम आहे. (२०२२ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षीय निवडणुकीमुळे रूबे आठवडाभर पुढे, नेमकी ईस्टरच्या रविवारी गेली.) सायकलपटू फॉर्मात आहे की नाही, हे या शर्यतींवरून ठरवण्याची रीत आहे. तिला आधारही आहे. टॉम बोनेनने २०१२ मध्ये ई-३, गेंट–वेव्हेलगेम, फ्लँडर्स आणि रूबे या चारही जिंकल्या. फाबियान कान्सेलाराने २०१० आणि २०१३ मध्ये, तर मातियू व्हान डेर पूलने २०२४ मध्ये ई-३, फ्लँडर्स आणि रूबे अशी तिहेरी कामगिरी केली. फ्लँडर्स आणि रूबे एकाच वर्षी जिंकणारा पहिला सायकलपटू म्हणजे १९२३ मधील स्वित्झर्लंडचा हाइरी सुटर.

तरीही या दोन शर्यती एका जातीच्या मानणे चूक आहे. फ्लँडर्समध्ये दगड असले तरी निर्णय आउडे क्वारेमोंट, पाटरबर्ग अशा आखूड, उभ्या चढांवर होतो. तेथे हलक्या अंगाचा सायकलपटूही टिकतो. रूबेचा मार्ग सपाट आहे. तेथे वजनापेक्षा दीर्घकाळ लावता येणारी निव्वळ ताकद मोलाची ठरते आणि भारदस्त देहाचा माणूस दगडांवर कमी उडतो. बोनेनची उंची १.९२ मी. होती, हा योगायोग नव्हे. म्हणूनच तादेय पोगाचारने २०२५ मध्ये रूबेत उतरायचे ठरवले तेव्हा अपूर्व कुतूहल निर्माण झाले. टूर द फ्रान्सचा विद्यमान विजेता रूबेत उतरण्याचा प्रसंग ग्रेग लेमाँच्या १९९१ मधील सहभागानंतर आलाच नव्हता. फेब्रुवारीत आरेंबेर्गवर सराव करतानाची त्याची चित्रफीत पसरली आणि तेथपासून दोन महिने चर्चा चालू राहिली. आदल्या रविवारी तो फ्लँडर्स जिंकला. आजारातून उठलेला व्हान डेर पूल तेथे तिसरा आला होता. रूबेत शेवटचे सुमारे ३८ किमी. उरले असताना एका वळणावर पोगाचार पडला आणि व्हान डेर पूल सलग तिसऱ्यांदा जिंकला. पोगाचार दुसरा आला. हलका सायकलपटू दगडांवर टिकत नाही, हा समज त्या दिवशी मोडला असे म्हणावे लागते. वळण मात्र त्याला नवे होते.

शरीराची तयारी इतर सहनशक्तीच्या खेळांसारखीच असते. सुमारे दोन आठवडे आधी सरावाचे अंतर निम्म्यावर आणतात, तीव्रता मात्र उतरू देत नाहीत. अडचण अशी, की फ्लँडर्स आणि रूबे यांच्यात जेमतेम सहा दिवस असतात. फ्लँडर्सचा शीण उतरवणे हीच त्या आठवड्याची खरी तयारी. बहुधा गुरुवारी किंवा शुक्रवारी संघ मार्गाच्या उत्तरार्धाची पाहणी करतात. कोणत्या वळणाला दगड उखडले आहेत, कडेची पट्टी कोठे चालेल, आरेंबेर्गपूर्वी घोळक्याच्या पुढे कोठे सरकायचे, हे तेव्हा ठरते. हँडल घट्ट आवळायचे नाही, मोठा गिअर दाबत दगडांवरून तरंगत जायचे, असे जुने सायकलपटू नव्यांना सांगतात. टायरची हवा हा या दिवसांतील सर्वांत झाकून ठेवला जाणारा आकडा. पूर्वी २४ ते २७ मिमी. रुंदीचे टायर असत, आता ३२ मिमी. व त्याहून रुंद, ट्यूबविरहित टायर वापरतात आणि हवा बरीच कमी ठेवतात. जिल्बेर दुक्लो-लासालने १९९२ मध्ये पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला धक्काशोषक लावून विजय मिळवला. तो प्रयोग पुढे मागे पडला. रुंद टायरनेच ते काम केले.

आठवडाभर हवामानाचा अंदाज ज्या उत्सुकतेने पाहिला जातो, तिला तोड नाही. २००२ नंतर खऱ्या अर्थाने ओली शर्यत थेट ३ ऑक्टोबर २०२१ रोजी झाली. साथीमुळे २०२० ची शर्यत रद्द झाली होती आणि २०२१ ची शरदात गेली होती. त्या चिखलात पहिल्या तिन्ही स्थानांवर सोन्नी कोल्ब्रेल्ली, फ्लोरियान व्हर्मेर्श आणि व्हान डेर पूल हे रूबेत प्रथमच उतरलेले सायकलपटू आले. रूबेला अनुभव लागतो, या वचनाला इतका मोठा अपवाद दुसरा नाही. कोरड्या, पाठवाऱ्याच्या वर्षी वेग वाढतो. २०२४ मध्ये सरासरी ताशी ४७.८ किमी. झाली. वेगाबरोबर भीतीही वाढते. योहान म्युझेवचा गुडघा १९९८ मध्ये आरेंबेर्गवर फुटला, जखम चिघळली आणि पाय जातो की काय अशी वेळ आली. २००० मध्ये तो जिंकला तेव्हा त्याने अंतिम रेषेवर त्याच गुडघ्याकडे बोट केले. सायकलपटूंच्या संघटनेच्या मागणीवरून २०२४ मध्ये खिंडीच्या तोंडाशी वेग कमी करणारी नागमोडी वळणे घातली गेली. २०१८ मध्ये मिखाएल गोलार्ट्स हा २३ वर्षांचा बेल्जियन सायकलपटू शर्यतीत हृदयक्रिया बंद पडून मरण पावला.

फॉर्मच्या नेहमीच्या मोजमापाला छेद देणारे उदाहरण म्हणून मॅथ्यू हेमनचे नाव घ्यावे लागते. २७ फेब्रुवारी २०१६ रोजी ओम्लोपमध्ये त्याच्या हाताचे हाड मोडले. मार्चमधल्या दगडी शर्यती हुकल्या. तो घरात जागेवरच फिरणाऱ्या सायकलवर सराव करत राहिला. कोणत्याही अंदाजात त्याचे नाव नव्हते. १० एप्रिलला, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रूबेच्या धावपट्टीवर त्याने पाचव्या विजयासाठी आलेल्या बोनेनला मागे टाकले. चार विजयांचा विक्रम त्यामुळे बोनेन आणि रोजर डे व्हलेमिंक या दोघांच्या नावे राहिला.

महिलांची शर्यत : २ ऑक्टोबर २०२१ पासून. पहिली विजेती लिझी डेग्नन सुमारे ८० किमी. एकटी पुढे होती. शर्यत संपली तेव्हा तिच्या हँडलच्या पट्टीवर रक्त होते. २०२५ मध्ये पोलीन फेराँ-प्रेव्हो जिंकली. आदल्या वर्षी तिने ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकचे सुवर्णपदक मिळवले होते आणि रस्त्यावरच्या शर्यतींत ती नुकतीच परतली होती. आठवड्यापूर्वी फ्लँडर्समध्ये ती दुसरी आली होती.