लाओ साहित्य: मठांतल्या पोथ्यांची परंपरा

लाओसच्या लाओ भाषेतली पहिली मानली जाणारी कादंबरी १९४४ साली आली, सोमचीन न्गिन यांची. त्याआधीची काही शतकं लाओ साहित्य छापखान्याविनाच चाललं. ते ताडपत्रावर होतं आणि लोकांपर्यंत पोचायचं ते कानांवाटे.

फा गुम या राजाने १३५३च्या सुमारास आजच्या लाओसच्या भूमीत लान सांगचं राज्य उभारलं. पुढे बौद्ध मठ वाढले, तशा पोथ्याही. लोखंडी टोच्याने पानावर अक्षरं कोरायची, वर काजळी चोळून पुसून घ्यायची. खाचांत बसलेली काजळी तेवढी राहते. धर्मग्रंथांना ‘ताम’ लिपी, कथाकाव्यांना बहुधा जुनी लाओ. पोथी लिहवून मठाला अर्पण करणं हे पुण्याचं काम, म्हणून शेवटी नाव सापडतं ते दात्याचं किंवा नकलकाराचं. कवी बहुतेक वेळा निनावीच.

पांगखाम हा त्यातला अपवाद. त्याचं ‘सिनसाय’ हे काव्य सतराव्या शतकातलं, राजा सुलिन्य वोंगसाच्या काळातलं मानतात. कथेतल्या राजाच्या बहिणीला, सुमुंथाला, कुम्फान हा यक्ष पळवून नेतो. तिला सोडवायला निघतो तिचा भाचा सिनसाय, जन्मतःच धनुष्य घेऊन आलेला. सोबतीला शंखरूपातला एक भाऊ आणि हत्तीचं डोकं व सिंहाचं धड असलेला दुसरा. आत्याला यक्षाकडून परत फिरायची फारशी घाई नाही, हा मला या काव्यातला सगळ्यात मानवी भाग वाटतो.

रामकथाही तिथे आहे, पण नावात लक्ष्मण आधी: ‘फा लाक फा लाम’. ती मेकाँग नदीच्या काठी घडते आणि बुद्धाच्या पूर्वजन्माची गोष्ट म्हणून सांगितली जाते. रावण तिथे देवदत्ताचा, म्हणजे बुद्धाच्या वैऱ्याचा, पूर्वजन्म ठरतो. पंचतंत्राच्या कथाही लाओ रूपात आहेत. मात्र सगळ्यात जास्त ऐकली जाते ती वेस्संतर जातकाची, बुद्धाच्या आणखी एका पूर्वजन्माची कथा. ‘बुन फावेत’ या सणाला तिचे तेराही अध्याय मठात एका दिवसात वाचतात.

१८२८ साली सयामी, म्हणजे आजच्या थायलंडच्या, फौजांनी व्हिएंतियान हे आजच्या लाओसच्या राजधानीचं शहर उद्ध्वस्त केलं आणि हजारो लाओंना मेकाँगपल्याड नेलं. आज लाओसपेक्षा जास्त लाओ भाषक ईशान्य थायलंडमध्ये आहेत. तिथल्या खोन केन प्रांतात मठांच्या भिंतींवर सिनसायची चित्रं दिसतात. ‘थाओ हुंग थाओ चुअंग’ या महाकाव्याची पोथीसुद्धा महा सिला विरवोंग या अभ्यासकाला सापडली ती बँकॉकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात.

१९९२ ते २००४ या काळात लाओसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जर्मन मदतीने देशभरातल्या ८००हून अधिक मठांची पाहणी केली. ८६ हजारांवर पोथ्यांची नोंद झाली, सुमारे १२ हजारांचं सूक्ष्मचित्रण (मायक्रोफिल्मिंग) झालं आणि २००९मध्ये त्या इंटरनेटवर आल्या. मूळ पोथ्या राजधानीत न हलवता ज्या त्या मठातच ठेवायच्या, असं धोरण मात्र सुरुवातीपासून होतं.