पक्षाआधी राज्यघटना: अमेरिकी उजव्यांमधल्या स्वतंत्र बाण्याची पार्श्वभूमी

7 ऑगस्ट 1974 च्या संध्याकाळी तीन रिपब्लिकन नेते व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना भेटायला गेले. सिनेटमधले पक्षनेते ह्यू स्कॉट, प्रतिनिधिगृहातले पक्षनेते जॉन ऱ्होड्स आणि ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर. राजीनामा द्या, असं तिघांपैकी कोणीही म्हटलं नाही. सिनेटमध्ये तुमच्या बाजूने पंधरा-अठरापेक्षा जास्त मतं उरलेली नाहीत, एवढाच हिशेब त्यांनी समोर ठेवला. महाभियोगातून वाचायला चौतीस मतं लागत होती. दुसऱ्या दिवशी रात्री निक्सन यांनी टीव्हीवरून राजीनामा जाहीर केला.

त्या खोलीत गोल्डवॉटर यांच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन होतं, कारण ते पक्षातल्या कडव्या उजव्या गटाचे नेते होते. मवाळ रिपब्लिकनांनी साथ सोडली असती तर निक्सन यांनी ती त्यांची जुनी खोड समजून सोडून दिली असती. गोल्डवॉटरच नाही म्हणाले, तेव्हा खेळ संपला.

अमेरिकेत एखादा परंपरावादी नेता किंवा स्तंभलेखक स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षावर टीका करू लागला की आज लगेच विचारलं जातं: हा फुटला का? डेमोक्रॅटांना जाऊन मिळाला का? माझ्या मते हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. अमेरिकी उजव्या विचाराचा एक जुना आणि सशक्त प्रवाह सत्तेविषयीच्या अविश्वासावर उभा आहे, आणि सत्ता आपल्या माणसाच्या हातात असली तरी तो अविश्वास तसाच राहायला हवा, असं तो मानतो.

या प्रवाहाचा उगम अमेरिकेबाहेरचा आहे. ज्यांना परंपरावादाचे आद्य विचारवंत मानतात ते एडमंड बर्क 1774 मध्ये ब्रिस्टलमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आले. निवडून येताच त्यांनी मतदारांना सुनावलं, की प्रतिनिधी तुम्हाला नुसते कष्ट देणं लागत नाही, स्वतःची विवेकबुद्धीही देणं लागतो, आणि ती तुमच्या मतापुढे गहाण टाकली तर ती तुमची सेवा नव्हे, फसवणूक आहे. सहा वर्षांनी ब्रिस्टलच्या मतदारांचा कौल आपल्या विरोधात आहे हे दिसल्यावर त्यांना तिथून माघार घ्यावी लागली. याच बर्क यांनी पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. 1788 ते 1795 एवढा तो खटला चालला आणि हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. साम्राज्याचा अभिमान बाळगणारा माणूस साम्राज्याच्याच अधिकाऱ्याला हिंदुस्थानातल्या जुलमाचा जाब विचारतो, हे आपण लक्षात ठेवायला हवं. अमेरिकी परंपरावाद्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर बर्क यांना आपलं मूळपुरुष ठरवलं, तेव्हा हा वारसाही त्यांनी पत्करला.

त्यांच्यातला पहिला मोठा माणूस म्हणजे ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, पक्षात इतका मुरलेला की लोक त्यांना ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत. 1942 मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकनांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवण्याचा लष्करी हुकूम मोडणाऱ्यांना शिक्षा देणारं विधेयक सिनेटमध्ये आलं. आपण वाचलेला हा सर्वांत गलथान फौजदारी कायदा असावा, असं सभागृहात बोलण्याचं धाडस टाफ्ट यांनीच केलं. तरी ते अडवायला मात्र ते उभे राहिले नाहीत. चार वर्षांनी, ऑक्टोबर 1946 मध्ये, त्यांनी ओहायोतल्या केनयन कॉलेजमधल्या भाषणात नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांवरच बोट ठेवलं. गुन्हा आधी घडला आणि कायदा नंतर केला, अशा कायद्याने शिक्षा देणं अमेरिकी न्यायाच्या परंपरेत बसत नाही, हा त्यांचा मुद्दा. नाझींविषयी कोणाला काडीची सहानुभूती नव्हती आणि काँग्रेसची निवडणूक महिन्यावर आली होती. दोन्ही पक्षांनी त्यांना झोडपलं. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी टाफ्ट यांना 1940, 1948 आणि 1952 अशी तीनदा हुलकावणी देऊन गेली.

मेन राज्याच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ टाफ्ट यांच्याइतक्या उजव्या नव्हत्या, पण त्यांना वगळून ही हकीकत सांगता येत नाही. फेब्रुवारी 1950 मध्ये रिपब्लिकन सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी सरकारात कम्युनिस्ट घुसलेत, अशी आरोळी ठोकली आणि यादी नाचवत एकेकाला बदनाम करायला सुरुवात केली. रिपब्लिकन पक्षाला हे सोयीचं होतं. सत्तेवर डेमोक्रॅट होते. 1 जूनला स्मिथ सिनेटमध्ये उभ्या राहिल्या आणि पंधरा मिनिटं बोलल्या. मॅकार्थींचं नाव त्यांनी घेतलं नाही. भीती, अज्ञान, द्वेष आणि चिखलफेक या चार घोड्यांवर स्वार होऊन माझा पक्ष जिंकलेला मला पाहायचा नाही, असं त्या म्हणाल्या. सहाच रिपब्लिकन सिनेटरांनी त्यांच्या निवेदनावर सह्या केल्या. मॅकार्थींवर निंदाव्यंजक ठराव यायला डिसेंबर 1954 उजाडला, आणि तेव्हाही रिपब्लिकन सिनेटर 22 विरुद्ध 22 असे बरोबर दुभंगले. ठरावाच्या विरोधात मत देणाऱ्या बावीस जणांत गोल्डवॉटरही होते.

ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो. स्वतंत्र बाण्याची ही परंपरा संतांची नाही. तिच्यावर सर्वांत मोठा डाग आहे तो नागरी हक्कांच्या प्रश्नावरचा. जून 1964 मध्ये वंशभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये 73 विरुद्ध 27 मतांनी मंजूर झाला. विरोधात गेलेल्या सहा रिपब्लिकनांपैकी एक गोल्डवॉटर. खाजगी व्यवसायांनी काय करावं हे सांगण्याचा अधिकार राज्यघटना केंद्राला देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतःच्या तत्त्वाशी ते प्रामाणिक असतीलही, पण त्या तत्त्वाची किंमत दक्षिणेतल्या काळ्या माणसाने मोजायची होती. पुढच्याच महिन्यात त्यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सहाच राज्यं जिंकली: स्वतःचं ॲरिझोना आणि खोल दक्षिणेतली पाच. दक्षिणेतले गोरे मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळण्याला त्या निवडणुकीने वेग दिला आणि पक्षाचं रूपच पालटत गेलं.

त्याच काळात विल्यम बकली यांनी एक काम केलं, ज्याचं महत्त्व आज जास्त कळतं. 1955 मध्ये त्यांनी ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं आणि विखुरलेल्या उजव्यांना एक व्यासपीठ दिलं. तेव्हा जॉन बर्च सोसायटी ही संघटना जोरात होती. तिचे संस्थापक रॉबर्ट वेल्च यांच्या मते खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर कम्युनिस्ट कटाचे हस्तक होते. बकलींचे अनेक वर्गणीदार आणि देणगीदार या सोसायटीचे सभासद होते. तरीही 1962 मध्ये बकलींनी वेल्च यांच्यावर उघड हल्ला चढवला. आपल्याच वाचकांना ‘तुम्ही ज्यावर विश्वास ठेवता ते खोटं आहे’ असं सांगणं विरोधकांवर लिहिण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. याच बकलींनी 1996 मध्ये अमली पदार्थांविरुद्धचं युद्ध हरल्याचं लिहिलं आणि 2006 मध्ये इराकची मोहीम फसल्याचं.

वॉटरगेटकडे, म्हणजे निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या प्रकरणाकडे, परत येऊ, कारण तिथे ही परंपरा कसाला लागली. जुलै 1974 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीत सतरा रिपब्लिकन होते. महाभियोगाच्या पहिल्या कलमावर त्यांच्यापैकी सहा जणांनी निक्सनविरुद्ध मत दिलं. त्यात व्हर्जिनियाचे कॅल्डवेल बटलर यांच्यासारखे पक्के परंपरावादी होते. मेरीलँडचे लॉरेन्स होगन हे तर समितीने मंजूर केलेल्या तिन्ही कलमांवर निक्सनविरुद्ध मत देणारे एकमेव रिपब्लिकन ठरले. त्यांना राज्याचं गव्हर्नर व्हायचं होतं. त्याच वर्षी पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, ते हरले.

गोल्डवॉटर यांचा पुढचा प्रवास मला सर्वांत बोलका वाटतो. 1981 मध्ये रेगन यांनी सँड्रा डे ओकॉनर यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. गर्भपाताबाबत त्या पुरेशा ठाम नाहीत म्हणून धर्मगुरू जेरी फॉलवेल यांनी चांगल्या ख्रिश्चनांना सावध केलं. प्रत्येक चांगल्या ख्रिश्चनाने फॉलवेलच्या ढुंगणावर लाथ घातली पाहिजे, असं गोल्डवॉटर यांनी जाहीरपणे सुनावलं. सरकारने माणसाच्या खिशात हात घालू नये म्हणणारा, सरकारने त्याच्या शयनगृहातही डोकावू नये, असंच म्हणणार. 1993 मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, समलिंगी लोकांना सैन्यात उघडपणे राहू द्या, अशी बाजू त्यांनी वर्तमानपत्रातून मांडली. अनेक जुन्या समर्थकांना वाटलं, म्हातारा बदलला. तो बदलला नव्हता. 1964 चंच तत्त्व तो जास्त सरळपणे लावत होता.

इराक युद्धाच्या वेळी परीक्षा पुन्हा आली. ऑक्टोबर 2002 मध्ये प्रतिनिधिगृहातल्या सहा आणि सिनेटमधल्या एका रिपब्लिकनाने युद्धाच्या अधिकाराविरुद्ध मत दिलं. बाहेर थोरल्या बुश यांचे सुरक्षा सल्लागार ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी हल्ला करू नका म्हणून लेख लिहिला. युद्धाला विरोध करणाऱ्या उजव्या लेखकांवर 2003 मध्ये ‘नॅशनल रिव्ह्यू’मधूनच देशप्रेम नसल्याचा शिक्का मारला गेला. तो लेख डेव्हिड फ्रम यांचा. 2010 मध्ये आरोग्य विम्याच्या प्रश्नावर पक्षाच्या डावपेचांवर टीका केल्यावर त्याच फ्रम यांना आपल्या उजव्या अभ्याससंस्थेतून बाहेर पडावं लागलं.

नॉर्थ कॅरोलिनाचे वॉल्टर जोन्स त्या सहांमध्ये नव्हते. त्यांनी युद्धाच्या बाजूने मत दिलं होतं. फ्रान्सने युद्धाला विरोध केला तेव्हा संसदेच्या कँटीनमधल्या फ्रेंच फ्राइजचं नाव ‘फ्रीडम फ्राइज’ करून घेण्यात तेच पुढे होते. मरीन सैनिकांचा मोठा तळ, कँप लेजून, त्यांच्या मतदारसंघात. 2003 मध्ये ते तिथल्या एका तरुण मरीनच्या अंत्यविधीला गेले. त्याच्या पत्नीने त्याचं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. त्याने आपली जुळी मुलं पाहिलीही नव्हती. जोन्स यांनी त्यानंतर मृत सैनिकांच्या घरी पत्रं लिहायला सुरुवात केली. आयुष्याच्या अखेरपर्यंत त्यांनी अशा हजारो पत्रांवर स्वतः सह्या केल्या. कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर त्यांनी कँप लेजूनच्या मृत सैनिकांचे फोटो लावले. 2005 मध्ये सैन्य माघारीची तारीख ठरवा, असा ठराव घेऊन ते डाव्या डेमोक्रॅटांसोबत उभे राहिले. प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध पक्षातलेच उमेदवार उभे राहिले, तरी 2019 मध्ये मरेपर्यंत मतदारांनी त्यांना निवडून दिलं. सैनिकांचा मतदारसंघ होता. ते कशासाठी बोलतात हे तिथल्या घराघरांत कळत होतं.

इथे आपल्या वाचकासाठी एक खुलासा हवा. भारतात 1985 पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते, आणि 2022 नंतर महाराष्ट्राने व्हिप हा शब्द पुरेसा ऐकला आहे. अमेरिकेत असं काही नाही. सदस्य पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो आणि त्याची जागा शाबूत राहते. त्याला खरी भीती असते ती प्रायमरीची. पक्षाचा उमेदवार तिथे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत, प्रायमरीला येणारे मतदार ठरवतात. आणि प्रायमरीला येतात ते मुख्यतः सर्वांत कट्टर.

ट्रम्प यांच्या काळात ही भीती पूर्ण उघडी पडली. जानेवारी 2021 मध्ये, संसदेवरच्या हल्ल्यानंतर, प्रतिनिधिगृहातल्या दहा रिपब्लिकनांनी महाभियोगाला पाठिंबा दिला. लिझ चेनी त्यांतल्या सर्वांत ठळक. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत बहुतेक मतदानांत त्या त्यांच्याच बाजूने होत्या. मे 2021 मध्ये त्यांना नेतृत्वपदावरून काढून एलिस स्टेफानिक यांना आणलं, ज्यांचा मतदानाचा इतिहास चेनींपेक्षा बराच मवाळ होता. म्हणजे कसोटी विचारांची उरलीच नव्हती. गोल्डवॉटर यांच्या ॲरिझोनात राज्य प्रतिनिधिगृहाचे सभापती रस्टी बॉवर्स यांनी 2020 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल ट्रम्प यांच्या बाजूने फिरवायला नकार दिला. स्वतः ट्रम्प यांना मत दिलेला हा माणूस. पुरावा दाखवा, एवढंच तो म्हणत राहिला. ऑगस्ट 2022 मध्ये बॉवर्स आणि चेनी दोघेही प्रायमरीत हरले.

त्या दहांपैकी चौघांनी निवडणूकच लढवली नाही, चौघे हरले आणि दोघे टिकले: कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हालाडाओ आणि वॉशिंग्टन राज्याचे डॅन न्यूहाउस. या दोन्ही राज्यांत सर्व पक्षांच्या उमेदवारांची एकच प्रायमरी होते आणि पहिले दोघे पुढे जातात. वॉशिंग्टनमध्येच आणखी एक रिपब्लिकन प्रतिनिधी थोडक्यात हरल्या, तेव्हा ही पद्धत अभेद्य कवच नाही. पण अलास्काचा अनुभवही त्याच दिशेने बोट दाखवतो. सिनेटर लिसा मरकाउस्की 2010 मध्ये पक्षाच्या प्रायमरीत हरल्या आणि मतदारांनी मतपत्रिकेवर नाव हाताने लिहून त्यांना निवडून आणलं. 2020 मध्ये अलास्काने सर्वांसाठी खुली प्रायमरी स्वीकारली. 2021 मध्ये ट्रम्प यांना दोषी ठरवणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांत त्या होत्या, आणि 2022 मध्ये त्या पुन्हा जिंकल्या.

एप्रिल 2025 मध्ये कॅनडावरच्या आयातशुल्कासाठी पुकारलेली आणीबाणी उठवण्याचा ठराव सिनेटमध्ये 51 विरुद्ध 48 ने मंजूर झाला, तो चार रिपब्लिकनांच्या मतांमुळे. त्यांत मरकाउस्की आणि रँड पॉल होते. कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिला आहे, राष्ट्राध्यक्षाला नाही, हे पॉल यांचं म्हणणं टाफ्ट यांनाही पटलं असतं. ठराव प्रतिनिधिगृहात अडकला. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लागलं ते आणीबाणीच्या त्याच कायद्याखाली.

2021 च्या त्या सात सिनेटरांपैकी एक म्हणजे लुईझियानाचे बिल कॅसिडी. त्यांच्या राज्यात काँग्रेसच्या निवडणुकीलाही सर्वांसाठी एकच खुली फेरी असे. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलला. त्यानुसार 2026 पासून सिनेटचा उमेदवार पक्षाच्या प्रायमरीत ठरतो, आणि दुसऱ्या पक्षात नोंदलेल्या मतदाराला तिथे मत देता येत नाही.