गळतोय म्हणून अजून आवळू नका

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल बदलून आणल्यापासून पार्किंगमध्ये रोज लालसर डाग पडायचा. शेवटी गाडी वागळे इस्टेटमधल्या दुसऱ्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी गिअरबॉक्सच्या खालचा चेंबर, म्हणजे तेलाची पत्र्याची ट्रे, उतरवला, पुसला आणि काचेवर उपडा ठेवला. प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा फुगला होता. "साहेब, बोल्ट ढिले नव्हते. जास्त आवळलेत."

पत्रा असा फुगला की पॅकिंग बोल्टपाशी चिरडतं आणि दोन बोल्टच्या मधे मोकळं राहतं. तेल तिथूनच झिरपतं.

मुळात बोल्ट म्हणजे ताठ स्प्रिंग. आवळताना तो ताणला जातो, आणि मूळ लांबीवर यायची त्याची ओढच दोन भाग घट्ट धरून ठेवते. चेंबरला बहुधा ६ मिमीचे बोल्ट असतात आणि त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पीळ, अनेक गाड्यांत १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. म्हणजे २० सेंमी लांब पान्ह्याच्या टोकाला जेमतेम ५ किलोचा जोर. पण तेवढ्यानेही त्या बारक्या बोल्टमध्ये साधारण ८०० किलोची ओढ तयार होते, जवळपास एका लहान गाडीच्या वजनाइतकी! आणि २० मिमीचा बोल्ट त्यापायी लांबतो किती? सुमारे ०.०४ मिमी, केसाच्या जाडीहूनही कमी. हाताला हा फरक कळणं शक्यच नाही.

गंमत अशी की टॉर्क रेंचलाही तो कळत नाही. तो फक्त पिळायला लागलेला जोर मोजतो, आणि त्यातला जवळजवळ ९० टक्के घर्षणात जातो: निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, बाकीचा आट्यांत. ताणायला उरतो दहाएक टक्के. म्हणून घर्षण बदललं की हिशेबच बदलतो. कंपनीने कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट बोल्टवर वापरला, तर ओढ सहज तिसऱ्या हिश्श्याने वाढते. गिअरबॉक्सची बॉडी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट पोलादाचा, त्यामुळे आधी आटे जातात ते बॉडीचे. भोक आरपार नसेल आणि तळाशी तेल साचलेलं असेल, तर धोका आणखी मोठा. तेल दाबलं जात नाही, बोल्ट पिचकारीच्या दट्ट्यासारखा काम करतो आणि बॉडीला तडा जाऊ शकतो. मिस्त्री प्रत्येक भोकात हवा मारत होते ते याचसाठी.

आत वॉल्व्ह बॉडी असते, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग. तिथे तर मला जास्तच धास्ती वाटते. तिच्यातले वॉल्व्ह अगदी बारीक फटीत सरकतात. बोल्ट कमी-जास्त आवळले तर बॉडी किंचित वाकते, वॉल्व्ह अडकतो आणि गिअर झटका देत पडतो.

मिस्त्रींनी आधी सगळे बोल्ट हातानेच बसवले. मग मधून सुरुवात करून, समोरासमोरचे घेत, दोन फेऱ्यांत आवळले. ठरवलेला टॉर्क गाठल्यावर टॉर्क रेंचचा कट्ट आवाज आला की थांबायचे, खात्रीसाठी दुसऱ्यांदा ओढत नव्हते. त्यांचा रेंच छोटा होता, ५ ते २५ न्यूटन-मीटरचा. चाकाचे नट आवळायचा मोठा रेंच भिंतीला टांगलेला होता. १० न्यूटन-मीटर त्याच्या मापात बसतच नाही, त्यामुळे तो कट्ट वाजायच्या आधीच आटे गेलेले असतात.