देवमासे आणि डॉल्फिनमधील पीसीबी प्रदूषण

पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल (पीसीबी) ही टिकाऊ विषारी रसायने समुद्री सस्तन प्राण्यांच्या चरबीत साठून होणारे प्रदूषण. बंदी येऊन चार दशके उलटली, तरी युरोपच्या समुद्रातील ऑर्का (किलर व्हेल) व काही डॉल्फिन यांच्या शरीरात त्यांचे प्रमाण आजही घातक पातळीवर आहे.

पीसीबी निसर्गात आपोआप तयार होत नाहीत. त्यांचे औद्योगिक उत्पादन १९२९ पासून सुरू झाले. ती सहजी पेट घेत नाहीत, उष्णतेने सहज विघटित होत नाहीत आणि वीज वाहू देत नाहीत. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरमधले तेल, रंग, इमारतींच्या फटी बुजवण्याचे साहित्य अशा अनेक ठिकाणी ती वापरली गेली. जगभरात दहा लाख टनांहून अधिक उत्पादन झाले. डीडीटी या कीटकनाशकाचे अंश शोधत असलेले स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन येन्सेन यांना १९६६ मध्ये मासे व गरुड यांच्या शरीरात पीसीबी आढळली, तेव्हा ती कारखान्यांबाहेर किती दूर पोचली आहेत हे कळले. अमेरिकेने १९७९ मध्ये उत्पादन थांबवले. युरोपातील देशांनी १९८० च्या दशकात.

पीसीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पण चरबीत सहज मुरतात. प्लवकांतून लहान माशांत, तिथून मोठ्या माशांत आणि सीलमध्ये जाताना दर पायरीला त्यांची मात्रा वाढत जाते. याला जैवविशालन म्हणतात. म्हणून प्राणी केवढा आहे यापेक्षा तो काय खातो हे महत्त्वाचे ठरते. क्रिल या कोळंबीसारख्या लहान जीवांवर जगणाऱ्या अजस्र निळ्या देवमाशापेक्षा सील मारून खाणारा ऑर्का कितीतरी अधिक विषारी असतो. (ऑर्काला ‘किलर व्हेल’ म्हणत असले, तरी तो डॉल्फिनच्याच कुळातला, त्यातला सर्वांत मोठा.) कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरही हेच दिसले : तिथल्या सीलभक्षी ऑर्का नरांमध्ये २००० साली चरबीच्या दर किलोमागे सरासरी २५१ मिलिग्रॅम पीसीबी आढळली, तर मासे खाणाऱ्या उत्तरेकडच्या समूहातील नरांमध्ये ३७.

या साऱ्यात सर्वांत क्लेशदायक भाग दुधाचा आहे. देवमाशांचे दूध अतिशय स्निग्ध असते आणि आईच्या चरबीतील विष त्यावाटे पिल्लात उतरते. मादीचा भार त्यामुळे हलका होतो. पहिल्या पिल्लाच्या वाट्याला मात्र तिच्या पूर्वायुष्यात साठलेल्या विषाचा मोठा हिस्सा येतो. नराला अशी वाटच नाही. त्याच्यात विष मरेपर्यंत साचत राहते. उपासमारीत चरबी वापरली जाऊ लागली की साठलेली पीसीबी रक्तात येतात. रोगप्रतिकारशक्ती दुबळी होते, संप्रेरकांचे कार्य बिघडते, प्रजनन खुंटते. दर किलो चरबीमागे ९ मिलिग्रॅमपासून दुष्परिणाम सुरू होतात असे सामान्यतः मानले जाते.

जानेवारी २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या टायरी बेटावर ‘लुलू’ नावाची मादी ऑर्का मृतावस्थेत सापडली. मृत्यू मासेमारीच्या दोरात अडकल्याने झाला होता. पण तिच्या चरबीत दर किलोमागे ९५७ मिलिग्रॅम पीसीबी निघाली, म्हणजे त्या मर्यादेच्या शंभरपटींहून अधिक. वय किमान वीस वर्षे असूनही तिला कधीच पिल्लू झाले नसल्याचे अंडाशयाच्या तपासणीतून दिसले. ज्या छोट्या समूहातली ती होती, त्यात निरीक्षणाच्या दोन दशकांहून अधिक काळात एकही पिल्लू नोंदले गेलेले नाही. अलीकडच्या काळात त्यातले जॉन को आणि ॲक्वेरियस हे दोन नरच दिसत आले आहेत.

उत्पादन थांबले, तरी जुनी उपकरणे, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, कचराभूमी व बंदरांतला गाळ यांतून पीसीबी समुद्रात झिरपतच असतात. टिकाऊ प्रदूषकांविषयीच्या २००१ च्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशी उपकरणे २०२५ पर्यंत वापरातून काढायची होती आणि कचऱ्याची २०२८ पर्यंत सुरक्षित विल्हेवाट लावायची आहे. २००६ मध्ये या करारात सामील झालेल्या भारताने २०१६ च्या आदेशाने पीसीबीयुक्त उपकरणांच्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही अखेरची तारीख ठरवली. साध्या भट्टीत ही रसायने पुरती जळत नाहीत, उलट त्यांतून डायॉक्सिनसारखी विषे तयार होऊ शकतात. ती नष्ट करण्यासाठी अतिउच्च तापमानाच्या खास भट्ट्या किंवा रासायनिक प्रक्रिया लागते.